न्यू जर्सीतला कायदेशीर गांजा: नियम कोण करतं, ते कसे वाचायचे आणि आपलं म्हणणं कुठे मांडायचं

२१ एप्रिल २०२२ पासून न्यू जर्सीत २१ वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही ओळखपत्र दाखवून दुकानातून गांजा विकत घेता येतो. तरी एका टाउनशिपमध्ये हायवेला लागून दोन-दोन दुकानं दिसतात आणि शेजारच्या टाउनशिपमध्ये एकही नसतं. ग्रीन कार्डच्या रांगेतल्या माणसाला मात्र इमिग्रेशन वकील सांगतो, त्या दुकानाच्या पार्किंगमध्येसुद्धा जाऊ नकोस. ही सगळी माणसं एकाच राज्यात राहतात, आणि तिन्ही गोष्टी कायद्याला धरूनच आहेत.

कारण नियम तीन ठिकाणी होतात. वॉशिंग्टनला, न्यू जर्सीची राजधानी ट्रेंटनला आणि तुमच्या टाउन हॉलमध्ये. मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या विषयावरचे वाद वाचले की एक गोष्ट वारंवार दिसते: तक्रार रास्त असते, पण ती चुकीच्या खिडकीवर नेलेली असते. प्लॅनिंग बोर्डासमोर उभं राहून ‘गांजाने पिढी बिघडते’ म्हणणाऱ्याचं काही ऐकलं जात नाही, कारण त्या बोर्डाला पिढीबद्दल निर्णय घ्यायचा अधिकारच नाही. दुकान नको असणारा, दुकान काढू पाहणारा आणि नुसतं घर घेऊन राहणारा, तिघांनाही खालच्या पायऱ्या उपयोगी पडतील.

पायरी १: आधी आपला पासपोर्ट बघा

राज्याने काहीही ठरवलं तरी केंद्राचा १९७० चा कंट्रोल्ड सबस्टन्सेस ॲक्ट आपल्या जागी आहे. त्या कायद्याने गांजा शेड्यूल I मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक, हेरॉइनच्या यादीत टाकला. २०१३ मध्ये ओबामांच्या न्याय विभागाने ‘कोल मेमो’ काढून सरकारी वकिलांना सांगितलं, की राज्याच्या नियमांनुसार चाललेल्या धंद्यांमागे लागू नका. जानेवारी २०१८ मध्ये तो मेमो मागे घेतला गेला. राज्यांची दुकानं त्यानंतरही चालू राहिली, पण ती केंद्राच्या संयमावर चालली आहेत, परवानगीवर नव्हे.

अमेरिकन नागरिकाला हा फरक रोजच्या जगण्यात फारसा जाणवत नाही. एच-१बी, एच-४, एफ-१ किंवा ग्रीन कार्डवाल्याने मात्र हा परिच्छेद दोनदा वाचावा. इमिग्रेशन कायद्यात शिक्षा होणं गरजेचं नाही. नियंत्रित पदार्थाचा गुन्हा केल्याची कबुलीसुद्धा प्रवेश नाकारायला पुरते. विमानतळावर अधिकाऱ्याने सहज विचारलं आणि तुम्ही ‘हो, न्यू जर्सीत कायदेशीर आहे ना’ म्हणालात, तर ती कबुली ठरू शकते. नागरिकत्वाच्या अर्जासाठी केंद्राच्या इमिग्रेशन खात्याने, यूएससीआयएसने, एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केलं, की राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाशी संबंधित कृत्य ‘चांगल्या चारित्र्या’च्या आड येऊ शकतं, आणि त्यात या धंद्यातली नोकरीही आली. म्हणून दुकानाचं सॉफ्टवेअर सांभाळणं, हिशेब लिहिणं किंवा मित्राच्या परवान्यात पैसे घालणं या गोष्टी व्हिसावर असलेल्याने वकिलाला विचारल्याशिवाय करू नयेत.

गांजा शेड्यूल III मध्ये, म्हणजे कमी कडक यादीत, हलवण्याचा प्रस्ताव २०२४ मध्ये आला तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं, सुटलो. इमिग्रेशन कायदा पाचही शेड्यूलमधल्या पदार्थांना लागतो. यादीतला खालचा मजला मिळाला म्हणून माणूस यादीबाहेर जात नाही.

याच खिडकीवरच्या आणखी दोन गोष्टी. दोन राज्यांमधली हडसन नदी ओलांडताना गाडीत गांजा नेला, तर न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी दोन्हीकडे तो कायदेशीर असूनही राज्यसीमा ओलांडणं केंद्राचा गुन्हा आहे. आणि भारतात जाताना बॅगेत गमीजचं, म्हणजे गांजाचा अर्क घातलेल्या जेलीच्या गोळ्यांचं, पाकीट राहू देऊ नका. भारतात १९८५ चा एनडीपीएस कायदा लागतो. त्याच्या व्याख्येतून भांगेची पानं सुटली आहेत, गांजा आणि चरस नाहीत. अर्क घातलेली गोळी तर पानांच्या सवलतीत अजिबात बसत नाही. होळीची ठंडाई आठवून कोणी धीर धरू नये. महाराष्ट्रात तर भांगेलासुद्धा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो.

पायरी २: ट्रेंटनचे तीन कागद वेगळे ओळखा

राज्याचं म्हणणं एका कागदावर नाही. संविधानातली दुरुस्ती, विधिमंडळाचा कायदा आणि आयोगाचे नियम असे तीन थर आहेत. आपल्याला खटकणारी ओळ कोणत्या थरात आहे हे कळलं, की ती बदलणं किती अवघड आहे तेही कळतं.

कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांत २०१२ साली नागरिकांनी सह्या गोळा करून प्रश्न मतपत्रिकेवर आणला होता. न्यू जर्सीत नागरिकांना तसा अधिकार नाही. तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी निवडून आल्यापासून विधेयकासाठी प्रयत्न केले, पण मार्च २०१९ मध्ये सिनेटमध्ये मतं जमेनात आणि मतदान रद्द करावं लागलं. शेवटी विधिमंडळानेच प्रश्न जनतेकडे टोलवला. नोव्हेंबर २०२० मध्ये सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी होकार दिला आणि १ जानेवारी २०२१ पासून संविधान बदललं.

या दुरुस्तीतली कराची ओळ लक्षात ठेवा, कारण टाउन हॉलमध्ये तिच्यावरून हमखास गोंधळ होतो. किरकोळ विक्रीवर राज्याचा नेहमीचा विक्रीकर, म्हणजे सध्याचा ६.६२५ टक्के, आणि गावाने हवा असेल तर जास्तीत जास्त २ टक्के, याच्या पलीकडे दुसरा विक्रीकर लावता येत नाही. ‘आपल्या गावाने १० टक्के लावावेत’ ही सूचना करणाऱ्याने आधी राज्याचं संविधान बदलून आणावं. विधिमंडळाने वेगळी वाट काढली ती लागवडदारावरच्या शुल्काची. त्याचं नाव सोशल इक्विटी एक्साइज फी. २०२४ मध्ये ती औंसामागे १.२४ डॉलर होती, २०२५ साठी २.५० डॉलर झाली. गांजाबंदीच्या काळात ज्या वस्त्यांना अटकांचा सर्वाधिक फटका बसला, त्यांच्यावर खर्च करायला हा पैसा आहे.

दुसरा कागद म्हणजे २२ फेब्रुवारी २०२१ ला सही झालेला कायदा. त्याचं लांबलचक नाव कोणी घेत नाही, सगळे ‘क्रीम ॲक्ट’ म्हणतात. त्याच दिवशी आणखी दोन कायदे झाले: एक बाळगण्यावरची शिक्षा काढणारा, दुसरा अल्पवयीनांबद्दलचा. प्रौढाला ६ औंसांपर्यंत बाळगता येतं, पण दुकान एका वेळी १ औंसाइतकंच विकू शकतं. घरी लावलेलं एक रोपही गुन्हा आहे. न्यू यॉर्कमध्ये घरी रोपं लावायला मुभा असल्यामुळे इथे खूप जण फसतात. पालकांसाठी महत्त्वाचं असं, की मूळ कायद्यात मुलाकडे पहिल्यांदा गांजा सापडला तर पोलीस फक्त लेखी समज देत आणि घरी कळवत नसत. आरडाओरडा झाला आणि महिनाभरात, २६ मार्च २०२१ ला, पालकांना पहिल्याच वेळी कळवण्याची दुरुस्ती झाली. विधिमंडळ मनात आणलं तर किती लवकर हलतं, याचं माझ्या मते हे उत्तम उदाहरण आहे.

नोकरीबद्दल या कायद्यात चांगलं संरक्षण आहे: लघवीत अंश सापडला, एवढ्याच कारणावरून मालक कारवाई करू शकत नाही. कामावर नशेत असण्याची मुभा मात्र नाही. ट्रकचालकांसारख्या केंद्राच्या वाहतूक नियमांखालच्या नोकऱ्या आणि केंद्राची कंत्राटं या संरक्षणाबाहेर जातात, तिथे परत पायरी १.

पायरी ३: आयोगाचे नियम आणि तुमचं पत्र

तिसरा कागद सगळ्यात जाड. कॅनाबिस रेग्युलेटरी कमिशन हा पाच सदस्यांचा आयोग तो लिहितो, आणि तो राज्याच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह कोडच्या १७ व्या शीर्षकातल्या ३० व्या प्रकरणात सापडतो. पाकिटाची झाकणं मुलांना न उघडणारी असावीत, जाहिरात कुठे चालेल, कॅमेरे किती, माल नोंदणी प्रणालीत कसा चढवायचा, सगळं इथे. पहिले नियम ऑगस्ट २०२१ मध्ये आले. घाई असल्यामुळे कायद्याने आयोगाला पहिल्या फेरीत नेहमीची सुनावणीची प्रक्रिया वगळू दिली होती. आता तशी सूट नाही, आणि म्हणूनच तुमच्या पत्राला किंमत आहे.

प्रक्रिया अशी चालते. आयोग नियमाचा मसुदा ‘न्यू जर्सी रजिस्टर’मध्ये छापतो. हे सरकारी नियतकालिक महिन्यातून दोनदा, पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी निघतं. मसुद्यासोबत सामाजिक आणि आर्थिक परिणामांचं निवेदन असतं. ते आधी वाचा. आयोग नियम का करतोय याची कबुली तिथे मिळते. मग लेखी सूचनांसाठी मुदत असते, किमान ३० दिवस, पुष्कळदा ६०. आलेल्या मुद्द्यांना आयोगाला अंतिम नियमासोबत छापील उत्तर द्यावं लागतं. हे उत्तर देण्याचं बंधन हीच तुमची ताकद आहे. शंभर जणांनी एकच छापील पत्र पाठवलं, तर आयोग एका वाक्यात शंभरांना उत्तर देतो. शंभर जणांनी शंभर वेगळे मुद्दे मांडले, तर शंभर उत्तरं शोधावी लागतात.

चांगलं पत्र पान-दीड पानाचं असतं. कलमाचा नेमका क्रमांक लिहा, आत्ताची भाषा उतरवा, तुम्हाला हवी ती भाषा स्वतः लिहून द्या, आणि त्याने काय फरक पडेल ते सांगा. दुसऱ्या राज्याने तेच करून पाहिलं असेल तर तोही दाखला द्या. ‘गमीज मुलांना आकर्षक वाटतात’ एवढंच लिहिलं तर आयोग आभार मानेल. त्याऐवजी, कोलोरॅडोत एका मात्रेत १० मिलिग्रॅम आणि पाकिटात १०० मिलिग्रॅम टीएचसी (नशा आणणारा घटक) ही मर्यादा आहे आणि खाद्यपदार्थावर इशाऱ्याचं चिन्ह लागतं, तेव्हा इथल्या अमुक कलमात हा शब्द घाला, असं लिहिलं तर त्याला नकाराचं कारण द्यावं लागेल.

मसुदा निघालेलाच नसेल तर? कोणत्याही संबंधित व्यक्तीला नियम करा, बदला किंवा काढा अशी याचिका आयोगाकडे देता येते, आणि आयोगाला ६० दिवसांत ती नाकारणं, मान्य करणं किंवा पुढच्या विचाराला घेणं यातलं एक करावं लागतं. हा रस्ता फार कमी लोक वापरतात. खर्च टपालाचाही नाही.

पायरी ४: टाउन हॉल, जिथे खरा निकाल लागतो

तुमच्या रस्त्यावर दुकान येणार की नाही, हे ट्रेंटन ठरवत नाही. क्रीम ॲक्टने गावांना १८० दिवस दिले होते, मुदत २१ ऑगस्ट २०२१. तोवर बंदीचा ऑर्डिनन्स, म्हणजे गावापुरता कायदा, करा, नाहीतर पुढची पाच वर्षं परवानगी गृहीत धरू. बहुसंख्य गावांनी बंदी केली, पुष्कळांनी ‘आधी बाकीच्यांचं बघू’ अशा विचाराने. बंदी केलेलं गाव केव्हाही दार उघडू शकतं. गप्प राहिलेल्या गावाला मात्र पाच वर्षं ते लावून घेता येत नाही. अशा गावांसाठी ऑगस्ट २०२६ पासून पुन्हा १८० दिवसांची खिडकी आहे, आणि तेव्हा केलेली बंदीही आधीच चालू असलेल्या दुकानांना लागत नाही. तुमचं गाव कोणत्या गटात आहे ते टाउन क्लार्कला विचारा. ऑर्डिनन्सचा क्रमांक आणि तारीख मागा. ‘मला वाटतं बंदी आहे’ हे उत्तर घेऊन परत येऊ नका.

घरपोच सेवा कोणतंही गाव रोखू शकत नाही. बंदी असलेल्या गावातल्या पत्त्यावरही परवानाधारक डिलिव्हरी करू शकतो. त्यामुळे ‘गावात गांजा येऊ देणार नाही’ असं निवडणुकीत सांगणारा उमेदवार फक्त दुकानाबद्दल बोलतो आहे, आणि २ टक्के कराचे पैसे शेजारच्या गावाला देतो आहे, हेही हिशेबात धरा. दुकानाची वार्षिक विक्री समजा ५० लाख डॉलर असेल, तर २ टक्क्यांचे १ लाख होतात. शाळांच्या बजेटपुढे ही रक्कम किरकोळ आहे. पैशासाठी दार उघडा म्हणणारेही, माझ्या मते, ती जरा फुगवूनच सांगतात.

आता काउन्सिल (गावाची निवडून आलेली सभा) आणि प्लॅनिंग बोर्ड यांतला फरक. हा कळला नाही तर सगळी संध्याकाळ वाया जाते.

दुकानं असावीत का, किती असावीत, कोणत्या झोनमध्ये, शाळेपासून किती अंतरावर, किती वाजेपर्यंत, कर लावायचा का, हे काउन्सिल ऑर्डिनन्सने ठरवतं. ऑर्डिनन्सची दोन वाचनं होतात. पहिल्या वाचनाला चर्चा नसते, तो फक्त मसुदा पटलावर येतो. मग जाहीर सूचना, आणि दुसऱ्या वाचनाला जाहीर सुनावणी होऊन मतदान. तुमचा मुद्दा ‘हवं की नको’ असा असेल, तर त्याची वेळ हीच. शहाणा माणूस मात्र पहिल्या वाचनाच्या आधीच आपल्या वॉर्डच्या काउन्सिल सदस्याला भेटतो, कारण दुसऱ्या वाचनाला भाषा बदलायची म्हटलं तर पुष्कळदा सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते, आणि ते कोणालाच नको असतं.

प्लॅनिंग बोर्डाचं काम वेगळं. ऑर्डिनन्स झाल्यावर एखादा अर्जदार नेमक्या जागेचा नकाशा घेऊन येतो. २०० फुटांच्या आतल्या मालमत्ताधारकांना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस मिळते, बहुधा सर्टिफाइड पोस्टाने. ते पाकीट जाहिरात समजून फेकू नका. बोर्डासमोर बोलायचं ते पार्किंगच्या जागा, डावीकडे वळणाऱ्या गाड्या, दिवे, वास रोखणारी यंत्रणा, कचरा, माल उतरवण्याच्या वेळा यांवर. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता त्या चौकाचा काढलेला व्हिडिओ दहा भाषणांपेक्षा जास्त काम करतो. झोनमध्ये न बसणारा वापर असेल तर प्रकरण झोनिंग बोर्डाकडे जातं आणि अर्जदाराला सातपैकी पाच मतं लागतात. विरोधकांसाठी ही सगळ्यात भक्कम जागा आहे; ती प्लॅनिंग बोर्डाच्या साध्या अर्जाला मिळत नाही.

ऑर्डिनन्स न करता गप्प बसलेल्या गावात तर कायदाच झोन ठरवून देतो: लागवड आणि कारखाने औद्योगिक झोनमध्ये, दुकानं व्यापारी झोनमध्ये अटींसह. बंदी नको असलेल्या गावानेही म्हणून नीट ऑर्डिनन्स करावा. आळसाने मिळालेली परवानगी कोणाच्याच सोयीची नसते.

पायरी ५: स्वतःच दुकान काढायचं असेल तर

इथे मी थोडक्यात सांगतो, कारण पुढचं काम वकील आणि सीपीएचं आहे. परवान्याचे सहा वर्ग आहेत: लागवड, उत्पादन, घाऊक, वाहतूक, किरकोळ आणि डिलिव्हरी. छोट्यांसाठी मायक्रोबिझनेस हा प्रकार आहे: जास्तीत जास्त १० कर्मचारी, २,५०० चौरस फूट जागा, आणि मालक राज्याचे रहिवासी. जागा हातात नसताना कंडिशनल (सशर्त) परवाना मागता येतो, पण त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे, एकट्याला वर्षाला २ लाख डॉलर आणि जोडप्याच्या एकत्र रिटर्नला ४ लाख. गावाचा पाठिंब्याचा ठराव आणि झोनिंगची मंजुरी यांशिवाय पूर्ण परवाना मिळत नाही. म्हणजे पुन्हा पायरी ४. जागा भाड्याने घेऊन महिनोन्महिने भाडं भरत ठरावाची वाट पाहणारे पुष्कळ आहेत. भाडेकरारात ‘ठराव मिळाला नाही तर करार रद्द’ हे कलम घातल्याशिवाय सही करू नका.

नफ्याचं गणित मांडताना आयकराचं २८०ई कलम आधी मांडा. शेड्यूल I आणि II मधल्या पदार्थांच्या धंद्याला भाडं, पगार, जाहिरात हे खर्च वजा करता येत नाहीत, फक्त मालाची किंमत वजा होते. सूट कधी आणि कोणाला मिळेल हे केंद्राच्या शेड्यूलवर अवलंबून आहे. तोवरच्या वर्षांचं गणित सूट नाही असं धरूनच करा.

पायरी ६: वाद घालण्यापूर्वी दुसऱ्या राज्यांकडे बघून घ्या

परवाने किती द्यावेत यावर टाउन हॉलमध्ये दोन टोकं दिसतात, आणि दोन्ही करून पाहिलेली राज्यं आहेत. ओक्लाहोमाने २०१८ मध्ये वैद्यकीय गांजाला मान्यता देताना परवान्यांवर मर्यादाच ठेवली नाही, शुल्क होतं २,५०० डॉलर. हजारो लागवडी उभ्या राहिल्या, माल बाहेरच्या राज्यांत चोरून जाऊ लागला, २०२२ मध्ये नवे परवाने थांबवावे लागले, आणि मार्च २०२३ मध्ये मतदारांनी प्रौढांसाठीच्या विक्रीला सरळ नकार दिला. न्यू यॉर्कने उलट केलं. मार्च २०२१ मध्ये कायदा झाला, पहिली विक्री डिसेंबर २०२२ अखेर, त्यानंतर परवान्यांवर कोर्टाची स्थगिती. मधल्या काळात न्यू यॉर्क शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर बिनपरवाना दुकानं उघडली, ज्यांना ना वयाची तपासणी ना मालाची चाचणी.

न्यू जर्सीने तिसरं केलं: आधीपासून चालू असलेल्या वैद्यकीय केंद्रांनाच सुरुवातीला, १३ ठिकाणी, सर्वांना विकू दिलं. त्यामुळे दुकानं लवकर उघडली आणि बिनपरवाना बाजार न्यू यॉर्कइतका माजला नाही. पण मोठ्या कंपन्यांना आघाडी मिळाली आणि ज्यांच्यासाठी सामाजिक न्यायाची भाषा वापरली होती ते छोटे अर्जदार मागे पडले. मला ही किंमत जास्त वाटते. तुम्हाला वाटत नसेल, तर काउन्सिलसमोर हीच उदाहरणं माझ्याविरुद्ध वापरता येतील.

दुकान उघडल्यावर तक्रार असेल तर तिचीही खिडकी आधी ठरवा. वास, गर्दी, पार्किंग आणि वेळा गावाच्या झोनिंग अधिकाऱ्याकडे. अल्पवयीनाला विक्री, लेबल आणि मालाची शंका आयोगाकडे. गावाच्या फायलीतले कागद हवे असतील तर ओपन पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्टखाली क्लार्ककडे अर्ज करा. उत्तराची मुदत साधारण सात कामकाजाचे दिवस असते. अर्जात ‘गांजासंबंधी सगळे कागद’ असं लिहिलंत तर तो अस्पष्ट म्हणून परत येईल, तेव्हा ठरावाचा क्रमांक, पत्ता आणि तारखांची मर्यादा लिहा. दुकानाचा परवाना दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो. तुमची तक्रार तारखेसह लेखी असेल, तर नूतनीकरणाच्या वेळी ती फायलीत सापडते. तोंडी असेल तर सापडत नाही.